अमावास्या टाळून केलेली कारवारची सहल

सहलीची तारीख बाबांनी सुचवली, हीच मुळात नवलाची गोष्ट होती. बाबा शहात्तर वर्षांचे. आई गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, ते आमच्याकडे जे. पी. नगरला राहतात. भाजी कुठली करू विचारलं तर "कुठलीही", पंखा लावू का विचारलं तर "चालेल". चाळीस वर्षं बेंगळुरूत सरकारी संशोधन संस्थेत नोकरी केली, त्यात कन्नड फार आलं नाही, पण "सरी", म्हणजे "बरं", हा एक शब्द मात्र त्यांनी कायमचा उचलला. काहीही सांगा, "सरी, सरी." असे हे बाबा डिसेंबरात एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर चष्मा वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "कारवारला जायचं म्हणताय ना? मग ह्या गुरुवारी निघू. शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला मला समुद्रावर सोडा म्हणजे झालं."

मी "हो हो" म्हटलं आणि माझ्या यादीत डोकं घातलं. मला याद्या करायचा नाद आहे. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दिवसभर लोकांची कामं रकान्यांत बसवते, तीच सवय घरी येते. कारवार, अंकोला, गोकर्ण, मिर्जान, होन्नावर अशी गावं घेऊन "करायच्या गोष्टी" या मथळ्याखाली मी चौदा ओळी लिहिल्या होत्या. साडेचारच का, शुक्रवारच का, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं. ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, शुक्रवारी अमावास्या आहे. अवसेला पोरीला घेऊन समुद्रावर जाताय? आठ दिवसांनी जा की. समुद्र काय पळून जातोय?" एरवी मी असल्या गोष्टींवर वाद घालते. माझा नवरा मिलिंद मिठाची गुळणी धरून बसतो आणि मी भांडते, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे. पण नेमकं त्याच शुक्रवारी माझ्या ऑफिसात एक काम संपवायचं होतं, आणि रजेसाठी साहेबांची मनधरणी करावी लागणार होती. मी मनात म्हटलं, बरं झालं. सासूबाईही खूश, साहेबही खूश. आणि जुन्या माणसांना अमावास्येचं वाटतंच काहीतरी, म्हणजे बाबांचाही मान राहिला.

"बाबा, आठ दिवस पुढे ढकलतोय हं. त्या दिवशी अमावास्या आहे ना!" मी अगदी समजूतदार मुलीसारखं सांगितलं.

बाबांनी कॅलेंडरकडे एकदा बघितलं. "सरी," म्हणाले.

आता प्रवास. आम्ही चौघं होतो. मी, मिलिंद, आमची तेरा वर्षांची रेवा आणि बाबा. पहाटे साडेचारला निघालात तर तुमकूरपर्यंतचा रस्ता मोकळा मिळतो, सहाला निघालात तर मात्र देवच तुमचा वाली. सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. हुबळीपर्यंत महामार्ग उत्तम, पुढे यल्लापूरपर्यंत बरा, आणि मग अरबैल घाट. घाटात ट्रक फार, वळणं घट्ट. गाडी लागणाऱ्यांनी यल्लापूरला जड जेवू नये. रेवा जेवली, त्यामुळे हे मी अनुभवावरून सांगते आहे.

नाश्त्याला दावणगेरे चुकवू नका. लोण्याचा डोसा म्हणजे बेण्णे दोसे, त्यासाठी मुख्य रस्ता सोडून गावात शिरावं लागतं, पण वीस मिनिटं गेली तरी सार्थकी लागतात. माणशी शंभर रुपयांत पोट भरतं. बाबांनी वाढप्याला "बेण्णे स्वल्प" असं सांगितलं आणि त्यानं हसून नेहमीपेक्षा मोठा गोळा टाकला. "अज्जा, इथं स्वल्प मिळत नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. बाबा मनापासून हसले. वाटेत ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत काहीतरी पुटपुटत होते. रेवानं विचारलं, "आजोबा, काय म्हणताय?" तर म्हणाले, "पाऊणकी."

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. बाबांच्या पिढीनं शाळेत हे घोकलं आहे. रेवाला मज्जा वाटली, तिनं फोनवर त्यांचं चित्रीकरण केलं. मी पुढच्या सीटवरून म्हटलं, "बाबा, तिला आधी साधे पाढे तरी येऊ द्या." सगळे हसले. बाबाही हसले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

राहायला अंकोला आणि कारवार यांच्यामधल्या एका गावात घरगुती सोय बघितली होती. समुद्रापासून पाच मिनिटांवर, दोन खोल्या, नारळाची बाग. एका खोलीला रात्रीचे अडीच हजार, नाश्ता धरून. जेवण आधी सांगावं लागतं. मालकीणबाई कारवारकडच्या, मराठी झकास बोलतात. त्यांनी केलेली बांगड्याची आमटी त्रिफळ घातलेली होती, आणि तिच्याबरोबर उकडा भात. मासे न खाणाऱ्यांसाठी त्यांनी कुळथाचं सार आणि सुरणाचे काप केले. मिलिंदनं दोन्ही खाल्लं. वहीत आमची तारीख लिहून घेताना बाई म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात या खोल्या मोकळ्याच होत्या हो. अवस होती म्हणून कोणी नव्हतं." मी त्या वाक्याकडेही लक्ष दिलं नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार. सकाळी सातला गोकर्ण. देवळात गर्दी होण्याआधी जावं. मग किनाऱ्यांची पायपीट, मग मिर्जानचा किल्ला. मिर्जान फार देखणा आहे, जांभ्या दगडाचा, हिरव्या शेवाळानं मऊ झालेला, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दुपारी कुमट्याला जेवण, तिथून होन्नावरला खारफुटीमधला लाकडी पूल आणि होडीची फेरी. संध्याकाळी परत. माझ्या यादीतल्या सहा ओळी एका दिवसात खोडल्या गेल्या, आणि मला त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून टाकते.

बाबा सगळीकडे आले. किल्ल्यावर पायरीवर बसून राहिले, होडीत मात्र पुढे सरकून काठावर बसले. होडीवाल्यानं खारफुटीच्या मुळांकडे बोट दाखवलं, तर बाबा मुळांवरच्या ओल्या रेषेकडे बघत होते. "पाणी फार उतरत नाही सध्या," ते म्हणाले. होडीवाला म्हणाला, "नाही सर, भांग लागला ना." दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, एका खात्यातली माणसं हलवतात तशी. मी रेवाचे फोटो काढत होते.

परतताना बाबा म्हणाले, "उद्या जमलं तर माझ्या जुन्या गावाकडे जाऊ. दोन तास पुरे." मी यादी बघितली. शनिवारी दीड वाजता कारवारहून डॉल्फिन बघायची बोट ठरवली होती, पैसे भरून. "अकरा ते साडेबारा चालेल?" मी विचारलं.

"सरी," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "वेळ तीच आहे तशी."

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथं हॉटेल नाही, गाड्या लावायला जागा नाही, आणि आमच्यासारख्यांची रांग लागावी असं मला वाटत नाही. पण गोष्ट सांगते. बाबा नोकरीच्या सुरुवातीला धक्क्याच्या पाहणीसाठी दोन हिवाळे इथं होते. पाण्यात आकडे रंगवलेली एक काठी रोवलेली असे, आणि दर अर्ध्या तासानं पाणी किती चढलं, किती उतरलं, ते वहीत लिहायचं. एवढंच काम. आई तेव्हा नवी नवरी होती, महिनाभर तिथं भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. किनाऱ्यासमोर खडकांचं एक छोटं बेट आहे. मोठ्या ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं.

एका सकाळी बाबा आईला घेऊन, डब्यात घावन आणि चटणी बांधून, चालत त्या बेटावर गेले. बोलत बसले. आणि भरतीचे आकडे लिहिण्याचा पगार घेणारा हा माणूस भरतीची वेळ विसरला. पाणी भरलं, दोघं अडकले. खडकांमुळे होडी तिथं लागत नाही. किनाऱ्यावर गावकरी हसत उभे, बाबांचा मदतनीस लांबून हातवारे करून सांगतोय की नोंदी मी करतो, तुम्ही बसा. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा दोघं परत आले.

ही गोष्ट आमच्या घरात आईनं शंभरदा तरी सांगितली असेल. पाहुणे आले की बाबांची फिरकी घ्यायला ती हीच काढायची. शेवटी म्हणायची, "लग्नानंतरचा तेवढा एकच दिवस यांना कुठं जायचं नव्हतं." आम्ही हसायचो. ते बेट कुठं आहे, आता तिथं जाता येतं का, हे आम्हा कोणालाच कधी विचारावंसं वाटलं नाही. मला तर ते खरं ठिकाण आहे हेच जाणवलं नव्हतं.

शनिवारी साडेअकराला आम्ही तिथं पोचलो. माडांच्या मधून पायवाट, पुढे होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली. आणि समोर ते बेट. अगदी जवळ. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. काळे खडक, वर थोडं गवत, एक वाकडं झाड. मधे पाणी होतं. शांत, हिरवट, फार खोल नव्हे, पण पाणीच.

जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला बघितलं. बाबांनी बेटाकडे हात केला. तो म्हणाला, "आज नाही मिळायची वाट. अवसेला यायला पाहिजे होतं. अवसेला संध्याकाळी पार त्या दगडापर्यंत वाळू कोरडी होती, पोरं पळत जात होती. आज अष्टमी. आता आणखी सरकायचं नाही पाणी."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

मिलिंदनं विचारलं, "बाबा, म्हणजे अमावास्येला..." आणि तो माझ्याकडे बघून थांबला.

बाबांनी रेवाला समजावून सांगितलं, मला नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे समुद्र फार चढत नाही, फार उतरतही नाही. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणकी करायची. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. हा मुंबईचा हिशेब, इथं त्यातून पाऊण-एक तास वजा. अमावास्येला धरायचे पंधरा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती, सव्वापाचला ओहोटी, आणि इथं साडेचार.

साडेचार. शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला मला समुद्रावर सोडा म्हणजे झालं.

मी विचारलं, "बाबा, मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं. तुझं ऑफिसही होतं. आणि अमावास्येचं मला काही वाटत नाही असं म्हटलं असतं, तर मग कारण सांगावं लागलं असतं." ते थोडे हसले. "एवढ्याशा गोष्टीसाठी सगळ्यांचे बेत कुठं मोडायचे!"

मग त्यांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले. सावकाश, पाय चाचपत. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तिथं थांबले. म्हातारा जाळं बाजूला ठेवून उठला आणि म्हणाला, "मी धरतो त्यांना. कमरेइतकंच आहे, हळूहळू नेतो." मिलिंदही चपला काढायला लागला.

आणि मी ओरडले. "बाबा, मागे फिरा! काय लहान मुलासारखं चाललंय! पडलात तर? आणि एक वाजतोय, बोट चुकेल!"

खरं सांगायचं तर साडेबाराही वाजले नव्हते. पडण्याची भीती होती, ती खोटी नव्हती. पण बोटही डोक्यात होती, आणि त्याहून जास्त म्हणजे मला माझाच राग आला होता. तो मी त्यांच्यावर काढला, परक्या माणसासमोर, माझ्या मुलीसमोर.

बाबा तिथंच अर्धं मिनिट उभे राहिले. पायानं खाली काहीतरी बघत होते. मग वळून परत आले. "वाळू आहे जागेवर," त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ती कुठं जाते!"

डॉल्फिनची बोट आम्हाला मिळाली. माणशी चारशे रुपये, दीड तास. डॉल्फिन दिसले, दोनदा, लांबून. जायचं असेल तर सकाळची फेरी घ्या, दुपारी ऊन डोळ्यांवर येतं. रेवा माझ्याकडे पाठ करून आजोबांच्या शेजारी चिकटून बसली होती.

रविवारी परत निघालो. जाताना त्याच गावावरून गेलो असतो तरी अर्धा तासच जास्त लागला असता, पण बाबाच नको म्हणाले. घाटात त्यांना झोप लागली. हुबळीला जेवताना मी म्हटलं, "बाबा, पुढच्या अमावास्येला जाऊ. नुसतं तेवढ्यासाठी. रात्रीच्या रेल्वेनं जाऊ, तुम्ही आणि मी." ते म्हणाले, "सरी." माझ्या आयुष्यात त्या शब्दाचं एवढं ओझं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढची अमावास्या ऑफिसच्या कामात गेली. त्याच्या पुढच्या वेळी मी तिकिटं काढली होती, खरंच काढली होती. त्याआधी नऊ दिवस बाबा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नीट झालं. आता ते वॉकर घेऊन खोलीतून बाल्कनीपर्यंत येतात. सपाट जमिनीवर चालायला हरकत नाही, वाळूत मात्र नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. कधीपर्यंत, असं मी विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांचं वय बघा." सासूबाई फोनवर रडल्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा काय दोष? तुम्ही नुसतं म्हणालात, तारीख मी बदलली. त्यात माझी सोय होती.

आता वाचणाऱ्यांसाठी काय सांगू? रस्ता चांगला आहे, खोली स्वच्छ आहे, मिर्जान बघाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. चार दिवस पुरतात, चौदा गोष्टी मात्र करू नका. आणि तुमच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी वडीलधारं बसणार असेल, त्यानं स्वतःहून एखादी तारीख सुचवली असेल, तर ती का, एवढं एकदा विचारा.

मी आता पाऊणकी पाठ केली आहे. रेवालाही येते. परवा अमावास्या होती. घरून काम करत होते, बाबा बाल्कनीत बसले होते, खाली रस्त्यावर शाळेच्या बसचा भोंगा वाजत होता. चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वाचार झाले होते.

"आता उघडी पडत असेल वाळू," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो. अजून पंधरा मिनिटांनी पूर्ण." मला साडेचारला मीटिंग होती. मी ती रद्द केली आणि त्यांच्या शेजारी बसले. आत लॅपटॉप दोनदा वाजला. बाबा म्हणाले, "तुझं काम असेल, जा." मी म्हटलं, "मला कुठं जायचं नाहीये." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, बराच वेळ, आणि मग दोघंही समोरच्या इमारतीकडे बघत अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिलो.